खिंडीतला कुकारा

पोलादपूरहून एसटी ढवळ्याला पोचली, तेव्हा माझ्या हातातल्या कागदाच्या घड्या मऊ झाल्या होत्या. चौघांची नावं, पाणी किती, दोर कुणाकडे, परत कधी. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. बाबांनी चंद्रगडाला जाऊ दिलं ते हा कागद वाचूनच. शेवटची ओळ होती, ‘अडचण आली तर फोन करू.’

संध्याकाळी गावातल्या धोंडूकाकांकडे मुक्काम होता. काकी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढत होत्या. काकांनी कागद वाचला.

“लिवलंस चांगलं गो. पन फोन कुठनं लावनार? हितं रेंज नाय, वर तर नायच.”

मला कुठे बघावं कळेना. मग त्यांनी गावची रीत सांगितली. गडाच्या वाटेवरच्या खिंडीत पोचलं की कुकारा (डोंगरातली लांब हाक) द्यायचा, उतरतानाही द्यायचा. “दुसरा कुकारा बारापत्तूर नाय आला, तर भाताची झोडणी टाकून मी वर निघनार.”

“गुडघा धड नाय,” काकी म्हणाल्या, “मग ह्यांनाच उचलून आना.”

सकाळी खिंडीतून पहिला कुकारा दिला. खालून लगेच उत्तर आलं. पुढे कातळावर आमच्यातल्या अक्षयच्या बुटाचा तळ सुटला. सुतळीने बांधण्यात वेळ गेला. अकरा वाजले, माथा समोर दिसत होता आणि खिंड तासभर मागे होती.

“अर्ध्या तासात वर,” अक्षय म्हणाला. “काका काय घड्याळ लावून बसलेत?”

मलाही वर जायचं होतं. कॉलेजात काय सांगायचं, हाही विचार मनात आला. पण हा कातळ चढणारा काकांचा गुडघा डोळ्यांसमोरून हलेना.

“ते निघतील रे,” मी म्हणाले. आधी अक्षयच वळला.

बाराला पाच कमी असताना आम्ही खिंडीत आलो. मी कुकारा दिला. खाली, ठिपक्याएवढ्या खळ्यात, भारा आपटणारा माणूस थांबला. उत्तर आलं. मग त्याने पुन्हा भारा उचलला.

परतीच्या एसटीत मी कागदावरची शेवटची ओळ खोडली. गड राहिला, त्याची हळहळ आहेच. पण पुढच्या वेळी आमच्यासाठी वर कोण येणार आहे आणि त्याचा गुडघा कसा आहे, हे आधी विचारीन.