स्थळवाल्या आप्पांनी पाहिलेली कॉलेजं

आप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी परसदारी जायचे. पुढच्या सोप्यात गादी, तक्के, पोह्यांच्या बशा मांडून ठेवलेल्या असत. आप्पा मात्र मोरी, पाण्याचा हौद, गोठा बघून मगच टेकायचे. निपाणीकडच्या आमच्या गावातली निम्मी लग्नं त्यांच्या शब्दावर ठरलेली, म्हणून 'स्थळवाले आप्पा' हेच त्यांचं नाव पडलं होतं. आमच्या अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, ते थोरले चुलतभाऊ.

मी दहावीत गेले आणि पुढं शिकायचं म्हणाले, तेव्हा आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नव्हतं. अण्णांनी नेहमीचाच मार्ग धरला. "आप्पा बघून येऊ देत. त्येंनी व्हय म्हटलं तर कॉलेज, न्हाय तर स्थळ." दोन्ही कामं एकाच माणसाकडं दिली, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला सोडून.

आप्पांची रीत ठरलेली. कळवून जायचं नाही आणि घरच्यांना काही विचारायचं नाही. "आपल्या घराची नालस्ती कोण करंल गं? शेजारी इचारायचं." संकेश्वरला मला घेऊन गेले, तेव्हा ते कॉलेजच्या ऑफिसात गेलेच नाहीत, समोरच्या पिठाच्या गिरणीत जाऊन बसले. "मास्तर लोकं तासाला असत्यात, का हितं चा पीत बसत्यात?"

"गिरणीत कोण चा पितंय, आप्पा? पलीकडं टपरीवर बसत्यात की," गिरणीवाला म्हणाला.

आप्पा उठले. "चल गं. ह्ये घर न्हाय आपल्या कामाचं." संकेश्वर तिथंच बाद झालं.

बेळगावला मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काचेच्या दारांचं मोठं कॉलेज. जिन्यावर जीन्समधल्या मुली बसलेल्या, आणि मी आईनं तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्यांत. आप्पा शिपायाशी कानडीत बोलत थेट मागं गेले, टाकीचं झाकण उचलून आत डोकावले आणि तिथूनच ओरडले, "पोरींच्या संडासाला आतनं कडी हाय का बघून ये गं!"

जिन्यावर हशा पिकला. एक मुलगी म्हणाली, "आजोबा, स्थळ बघायला आलाय काय?"

"व्हय की. मग तूच सांग बाई, तू रोज जातीस."

मी खांबाआड झाले. हा माणूस माझा कुणीच नव्हे असं तोंड करून नोटीस बोर्ड वाचत राहिले. एक अक्षर डोक्यात शिरलं असेल तर शपथ. कडी नव्हती. त्या मुलीनंच हसू आवरून सांगितलं. आप्पा तडक बसकडं निघाले. याहून बारीक कारणावरून त्यांनी ठरलेली लग्नं मोडलेली मला ठाऊक होती.

घरी अण्णांनी विचारलं, "काय आप्पा, द्यायची का?" शब्दसुद्धा लग्नातलाच.

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला नगो इचारू. तिला इचार."

"तिला काय कळतंय?"

"सुमनचं बी मी ह्येच म्हणलो. शाळंत पयली आलती. पाणी, गोठा, माणसं, समदं बघून बोरगावला दिली. तिला तेवढं इचारलं न्हाय."

सुमनआक्का ही त्यांची एकुलती पोर. दहावी होताच लग्न झालेली. दुसऱ्यांच्या घरातली खोट काढत हिंडलेला हा माणूस आमच्या सोप्यात खाली मान घालून बसला होता. आम्हांला कुठं बघावं कळेना.

अण्णा माझ्याकडं वळले. मला काही विचारण्याची त्या घरातली ती पहिलीच वेळ. "बेळगाव," मी म्हणाले.

"मग कडी आपुन बसवून देऊ," आप्पा म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

पीयूसीपासून, म्हणजे अकरावीपासून, पदवीपर्यंत मी बेळगावला शिकले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि हे चारचौघांत ठणकावून सांगायला मला आवडतं. गेल्या वर्षी आप्पा गेले. दिवसकार्याला सुमनआक्का मागच्या दारी केळीची पानं पुसत बसली होती. तिला बरं वाटेल म्हणून मी त्या दिवशीचं सगळं सांगितलं.

तिचा हात थांबला. "असं म्हणाला व्हय? तुमच्या समद्यांच्या म्होरं?"

"व्हय, आक्का."

"मला कधी म्हणला न्हाय बघ." तिनं पुढचं पान ओढलं. तेही पुसून झाल्यावर म्हणाली, "तू काय शिकलीस म्हणायचं गं, नेमकं?"

मी सांगितलं. आत बसलेल्या कुणाला ऐकू जाऊ नये, इतक्या हळू.