समासातली पेन्सिल

आमच्या चर्चच्या वाचनालयात एका इंग्रज पाद्री-प्राध्यापकाच्या प्रवचनांचं जाडजूड पुस्तक आहे. परवा सहज चाळलं. नम्रतेवरचं प्रकरणच चाळीस पानांचं! त्याच्या शेवटी, समासात, पेन्सिलीनं मराठीत लिहिलं होतं, ‘साहेब, नम्रतेवर इतकं बोलू नये.’

अक्षर माझ्या आईचं. ती गावच्या शाळेत शिक्षिका होती, शब्दकोश उशाशी ठेवून इंग्रजी शिकलेली. कुणाला उलट बोलल्याचं आठवत नाही. पण पोरांचे निबंध तपासावेत, तसा तिनं हा विद्वान तपासला होता. मी ती ओळ पुन्हापुन्हा वाचत राहिलो.

ग्रंथपाल बाई ओशाळून म्हणाल्या, “पेन्सिलच आहे, खोडून टाकते.”

“हात लावू नका! माझ्या आईनं लिहिलंय ते!”

सगळं वाचनालय माझ्याकडे बघू लागलं. प्रकरण नम्रतेचं होतं, हे पायऱ्या उतरताना आठवलं.