सुनीताच्या वहीतली लाल फुली

मंडळी, आज भर वर्गात मला मान खाली घालावी लागली.

आष्टीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे. फाइलच्या पत्त्यात मधली रेघ अशीच पडते, \, हे मी वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतलं.

मागच्या आठवड्यात वाटूरहून येणाऱ्या सुनीतानं वहीत / काढली. म्हणाली, "सर, हे क्लासातल्या नव्या मशीनसाठी हाये, त्यात विंडोज न्हाई, लिनक्स हाये." माझं डोकं फिरलं. "मशीन बदललं म्हणून पत्ता बदलत न्हाई!" असं सगळ्यांसमोर बोलून लाल पेनानं फुली मारली. पोरं हसली.

आज त्याच मशीनवर मी कमांड टाकली. फाइल सापडेना. तीनदा टाकली, तेच. मंग सुनीता उठली, तिच्या पद्धतीनं पत्ता लिहिला अन् फाइल उघडली.

तीच हळू म्हणाली, "विंडोजवर सरांचंच बराबर हाये."

ज्या पोरीचं मी हसं केलं, ती मलाच सांभाळून घेत होती.

मी माफी मागितली, पण वर्ग सुटल्यावर, जिन्यात, कोणी नसताना. फुली मात्र सगळ्यांसमोर मारली होती.

खरं सांगा, ही माफी झाली का?