बसून राहिल्याची रोजी

चौकशीच्या फॉर्मवरचा सातवा प्रश्न असा होता: ड्यूटीच्या आधी मिळालेल्या विश्रांतीच्या वेळात तुम्ही काय केलंत? उत्तरासाठी चार ओळी सोडल्या होत्या. ड्यूटीवर असताना तुम्हाला किती वेळ थांबवून ठेवलं, असा प्रश्न मात्र कुठेच नव्हता. मी मागची बाजूसुद्धा उलटून पाहिली.

मी रात्री मालाचं विमान उडवते, सहवैमानिक म्हणून. नागपूरहून रात्री निघायचं, उत्तरेकडच्या एका मोठ्या शहरात उतरायचं. तिथे देशभरातून आलेली पार्सलं पट्ट्यावर टाकून गावागावांप्रमाणे वेगळी करतात. ते काम होईपर्यंत थांबायचं, मग भरलेलं विमान घेऊन पहाटे परत यायचं. मागे चपला असतात, मोबाईलची कव्हरं असतात, कुणाला उद्याच हवा असलेला मिक्सर असतो.

आमचा पगार कसा मोजतात, ते नातेवाइकांना सांगून मी थकले. विमानाची चाकं निघण्यासाठी हलली की घड्याळ सुरू, उतरून थांबली की बंद. मूळ पगार थोडा, बाकी सगळं या घड्याळावर. मधे जे चार-पाच तास थांबतो, त्याचं काही नाही. उलट ते तास कागदावर ‘विश्रांती’ म्हणून लिहिले जातात, कारण तसे लिहिले की आमची ड्यूटी नियमात आणखी लांबवता येते. विश्रांतीची खोली म्हणजे पार्सलांच्या पट्ट्याला लागून असलेली पत्र्याची खोली आणि तीन आरामखुर्च्या. पट्टा चालू असला की खुर्चीचा दांडा हातात थरथरतो. प्रवासी वाहतुकीत तेच विमान, तेच लायसन्स, तेच काम. पण मागे माणसं बसली की वैमानिकाचा भाव वर, खोकी असली की खाली. जणू खोक्यांच्या विमानातला माणूस पडला तर कमी लागतं.

त्या दिवशी पट्टा बिघडला होता. सलग दुसरी रात्र. आम्ही निघालो तेव्हा उजाडत होतं. वर गेल्यावर कॅप्टन म्हणाले, “वीस मिनिटं डोळे मिटतो. तू पाहशील ना?” हे नियमात बसतं. एकाने ठरवून झोपायचं, दुसऱ्याने जागं राहायचं. मी हो म्हणाले. सूर्य डाव्या बाजूने आत येत होता, ऊन गालावर कोमट लागत होतं, एवढं मला आठवतं. त्यानंतरचं आठवत नाही.

जमिनीवरून आम्हाला रेडिओवर चार वेळा हाक गेली. शेवटी जवळून जाणाऱ्या एका प्रवासी विमानातल्या वैमानिकाने हाक मारली, तेव्हा कॅप्टन जागे झाले आणि त्यांनी उत्तर दिलं. मी त्यांच्या आवाजाने जागी झाले. आम्ही नीट उतरलो. कुणाला काही झालं नाही. पण जागं राहायचं होतं ते मला, आणि झोपले मी.

विमानाजवळच उभं राहून कॅप्टन मला म्हणाले, “हे पहा, आराम तू करत होतीस अन् जागा मी होतो, असं लिहू. झोप मला लागली.”

“सर, पण...”

“तू चूप बस. माझी आता पाच-सहा वर्षं राहिली. तुझं सुरू व्हायचं आहे. मी पाहून घेतो.”

आणि मी चूप बसले. चूप बसणं मला शाळेपासून चांगलं जमतं. उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही, बाईंनी नाव घेतलं तरच उठायचं. मी एका ओळीत लिहून दिलं की मी ठरलेल्या विश्रांतीवर होते. खाली सही केली. आमच्या दोघांचंही उड्डाण चौकशी होईपर्यंत बंद झालं आणि मी करडीला, गावच्या घरी आले.

आठव्या दिवशी कॅप्टनना नोटीस आली. त्यांनीच फोनवर वाचून दाखवली, हसत. त्या रात्रीच्या आधी दुपारी ते आपल्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते, आणि सातव्या प्रश्नाच्या चार ओळींत त्यांनी ते सरळ लिहिलं होतं. नोटिशीत म्हटलं होतं की विश्रांतीचा वेळ वैयक्तिक कामात घालवून त्यांनी विमान धोक्यात आणलं, तर त्यांना कामावरून का काढू नये. पट्टा बिघडल्याचा शब्द नाही. पत्र्याच्या खोलीचा शब्द नाही.

“सर, मी खरं सांगते.”

“काही नको सांगू. जेव, झोप.”

झोप येतच नव्हती. रात्री डोळे टक्क उघडे आणि दुपारी जेवणाच्या ताटावर मान पडायची. आईला वाटायचं मला कुणाची दृष्ट लागली. शेजारी विचारायचे, सुट्टीवर आली का? मी हो म्हणायचे. मला इतका राग येत होता की दात दुखायचे, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. कंपनीवर काढू गेलं की मधे माझीच सही यायची.

त्याच आठवड्यात आमच्या शेतात रोवणा, म्हणजे भाताची लावणी होती. आमच्या धानाच्या दोनच बांध्या, खाचरं आहेत, बाबांनी कारकुनीतून निवृत्त झाल्यावर पुन्हा कसायला घेतलेल्या. रोवायला नऊ बाया आल्या. त्यांच्या पुढारी होत्या मोठीआई, म्हणजे बाबांच्या चुलत भावाची बायको. बाया सकाळी सातला शेताच्या बांधावर, धुऱ्यावर हजर. पण नहराचं पाणी वरच अडलं होतं आणि मोटारीला लाईन नव्हती. चिखल केलेली बांधी सुकायला लागली. पऱ्ह्यांच्या, लावायच्या रोपांच्या पेंड्या सावलीत ठेवून बाया मोहाच्या झाडाखाली बसून राहिल्या. लाईन आली तेव्हा तीन वाजले होते. जेमतेम दोन तास रोवणं झालं.

संध्याकाळी बाबा म्हणाले, “अर्धी रोजी द्या. काम तं अर्धंही नाही झालं.”

आई म्हणाली, “तुमीच सांगा मंग. माह्या तोंडातून नाही निघत.”

“हिले पाठव. शिकली सवरली आहे, बराबर सांगन.”

मी गेले. बाया पाटाच्या पाण्यात हातपाय धूत होत्या. घरची भाषा मला पूर्ण समजते, पण बोलताना माझ्या तोंडून पुस्तकातली मराठी निघते आणि त्याची त्यांना फार मजा वाटते.

“मोठीआई,” मी म्हणाले, “बाबा म्हणतात, आज अर्धी रोजी घ्याल का?”

“काहून?”

“काम दोनच तास झालं ना. तुम्ही बसून होत्या.”

“बसून होतो?” मोठीआईंनी पाण्यातून पाय बाहेर काढला. “मी का माह्या घरी बसून होती का पोरी? तुमच्या धुऱ्यावर बसून होती. वरचा बांधीवाला दोनदा बलवाले आला, त्याले नाही म्हटलं. घरी असती तं माहे चार कामं झाले असते.”

“पाणी आणाचं काम आमचं होय का वो?” दुसरी म्हणाली.

तिसरी, सगळ्यांत लहान, माझी नक्कल करत म्हणाली, “अर्धी रोजी घ्याल का? हे इंग्रजीवाली बाई पाहा! काहून वो, विमान उडलं नाही तं तुले अर्धा पगार देतेत का?”

सगळ्या हसल्या. मीही हसून निघून येऊ शकले असते. पण माझ्या तोंडून निघालं, “अर्धाही नाही. चाकं हलली नाहीत तेवढ्या वेळाचं काहीच नाही.”

“मस्करी करून राहिली?”

“नाही. रात्रभर बसवून ठेवलं तरी नाही. वरून लिहितात की आम्ही आराम करत होतो.”

हसणं थांबलं. मोठीआई माझ्याकडे जशा बघत होत्या, तसं आमच्या घराण्यातल्या पहिल्या पायलट मुलीकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. कीव होती त्यात.

“माय वो,” त्या म्हणाल्या. “अन् तुमी बसता?”

“हो.”

“कोणीच काही म्हणत नाही?”

“नाही.”

“आमी तं चिखलात पाय टाकाच्या आंधी बोलून घेतो. धुऱ्यावर आलो का रोजी लागली, मंग पाणी येवो का न येवो. येकलीनं बोललं तं मालक आयकत नाही, मनून साऱ्या जनी येकाच वक्ती बोलतो. तुमचे जोडीदार मुके हायेत का?”

माझ्या जोडीदाराने माझ्यासाठी खोटं बोलून नोकरी पणाला लावली होती आणि मुकी मी होते, हे त्या नऊ जणींसमोर कसं सांगणार?

“जा, तुह्या बाबाले सांग,” लहानी म्हणाली, “पुरी रोजी. नाही तं उद्या तू अन् तुही माय रोवा. विमानानं रोव.”

घरी येऊन मी बाबांना सांगितलं, पूर्ण द्यायची. बाबा म्हणाले, हिशोब तुला काय कळतो. मी म्हणाले, मला हाच एक हिशोब कळतो, आणि रडायला लागले. रागाने रडू येतं हे मला अजिबात आवडत नाही. बाबा घाबरले. त्यांनी पैसे मोजले आणि स्वतः नेऊन दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकशी समितीला पत्र लिहिलं. आधीचं निवेदन खोटं आहे. जागं राहायची जबाबदारी माझी होती आणि मी झोपले. आम्ही किती वाजता हजर झालो, किती वाजता उतरलो, पट्टा कधी बंद पडला, कोणत्या खोलीत कोणत्या खुर्चीवर किती वेळ बसलो, आणि या वेळाचे पैसे दिले जात नाहीत, पण ड्यूटी वाढवायला तोच वेळ वापरला जातो, हे सगळं मांडलं. सातव्या प्रश्नाचं उत्तरही लिहिलं: भाड्याच्या खोलीत झोपायचा प्रयत्न केला, शेजारी फरशा कापत होते, तीन तास झोपले. पत्र इंग्रजीत होतं. व्याकरणाची एकही चूक नव्हती. शाळेने मला एवढं तरी दिलं होतं.

पाठवल्यावर कॅप्टनना फोन केला. ते म्हणाले, “मला खोटं पाडलंस.”

“हो सर.”

“आता दोघंही घरी बसू.”

“तुम्ही माझ्यासाठी घरी बसणार होता. ते मला नको होतं.”

त्यांनी फोन ठेवला.

सुनावणीला समोर दोन जण होते. सुरक्षेचे साहेब आणि कर्मचारी विभागाच्या मॅडम. साहेबांनी माझं पत्र वाचून झाल्यावर इंग्रजीत, अगदी मायेने विचारलं, “तू अजून लहान आहेस. हे सगळं लेखी ठेवायचंच आहे का? झोपल्याचं मान्य केलंस, ठीक. बाकीचा भाग काढून टाकू.”

“बाकीचा भाग राहू द्या.”

“पगाराचा इथे काय संबंध?”

मी टेबलाची कड धरली. “थांबवून ठेवण्याचे पैसे द्यावे लागले असते तर तुम्ही आम्हाला त्या दिवशी एवढं थांबवलंच नसतं. दुसरे वैमानिक पाठवले असते. फुकट आहे म्हणून थांबवता.”

मॅडमनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. साहेब म्हणाले, “तो आपल्या चौकशीचा विषय नाही.”

“मग कॅप्टनच्या आईचे डोळे कसे विषय झाले?”

एवढं मोठ्याने मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. बाहेरच्या शिपायाने दार किलकिलं करून आत पाहिलं.

महिन्याने पत्र आलं. कॅप्टनना काढण्याची नोटीस मागे घेतली होती. खोटं निवेदन दिल्याबद्दल दोघांनाही तीन महिने जमिनीवर, फक्त मूळ पगारात. माझी कॅप्टनपदाची परीक्षा पुढे ढकलली, किती पुढे ते लिहिलं नाही. कॅप्टन अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची बाजू मला समजते. त्यांनी मला जे देऊ केलं होतं, ते मी सगळ्यांसमोर परत केलं.

पत्राच्या शेवटी एक वाक्य होतं: थांबण्याच्या वेळेबाबतच्या आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. कुणी घेतली, कुठे घेतली, त्या नोंदीचं पुढे काय होणार, काही नाही. मी उलट पत्र पाठवून ती नोंद मागितली. उत्तर आलं नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा पाठवलं, त्याच्या पुढच्याही. गेल्या सोमवारच्या पत्रावर माझ्याखाली आणखी चार वैमानिकांच्या सह्या होत्या. आता तरी उत्तर द्यावं लागेल. नाही दिलं, तर पुढच्या सोमवारी सह्या वाढलेल्या असतील.