आबांची बुधवारची केमो

केमोच्या हॉलमध्ये किस्से फार जमतात. कारण सोपं आहे. सलाईन थेंबाथेंबाने उतरतं, माणूस खुर्चीला अडकलेला, टीव्ही कायम बंद. बोलणार नाही तर करणार काय? शिवाय ऐकणारे सारखे बदलतात, त्यामुळे जुना किस्साही नवा म्हणून खपतो. ते का बदलतात, हे मात्र विचारायचं नाही!

आबा म्हणजे माझे वडील. शिरपूरकडचे केळीवाले. पोटात गाठ. केमोने गाठ लहान झाली तर ऑपरेशन.

"आणि नाही झाली तर?" मी विचारलं.

"आधी स्कॅन तर होऊ दे," डॉक्टर म्हणाले आणि टेबलावरचं पेन उगाच सरळ ठेवलं.

म्हणून दर बुधवारी आम्ही धुळ्याला.

*

हॉस्पिटलने एक योगाच्या मॅडम ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी आधीच क्लिअर केलं होतं, "याने गाठ जात नाही. मळमळ, झोप जरा बरी होते, एवढंच. आणि बाहेरचं काहीही पोटात घ्यायच्या आधी मला विचारा."

पहिल्या दिवशी मॅडमनी हास्ययोग घेतला. "हात वर! मोकळं हसा! हा हा हा!"

सगळ्यांनी हात वर केले. त्या सगळ्या हातांना सुया होत्या. एकदम सगळे सलाईनचे पंप बोंबलायला लागले. टीं टीं टीं! सिस्टर धावत आल्या.

"कोण हसलं?"

अख्ख्या हॉलने आबांकडे बोट दाखवलं.

आबा म्हणाले, "मी कशाला हसू सिस्टर? मला तर कॅन्सर आहे!"

*

मग मॅडमनी हसणं बंद केलं आणि ध्यान सुरू केलं. "डोळे मिटा. तुमच्या आवडीच्या हिरव्यागार, शांत जागी जा."

आबा गेले थेट आपल्या केळीच्या बागेत. चेहरा एकदम शांत. मला बरं वाटलं. दोनेक मिनिटांत कपाळावर घाम! आबांनी खाडकन डोळे उघडले.

"बागवर करपा पडना, भो!"

सिस्टरनी बीपी मोजलं. भलतंच चढलेलं. मॅडमनी समजावलं, "आबा, ती मनातली बाग आहे. तिथे रोग नसतो."

"मॅडम," आबा म्हणाले, "मी आलो म्हणजे माझ्यासोबत आलाच ना तो."

मॅडमनी त्या दिवशी ध्यान लवकर संपवलं.

*

शेजारच्या खुर्चीवर अमळनेरच्या एक अक्का असायच्या. केमोने तोंडाची चव जाते. आहाराच्या ताई सांगून जायच्या, थोडं थोडं खा, वजन टिकवा. अक्का डबा उघडायच्या आणि बंद करायच्या.

"माले बठ्ठं लोखंडसारखं लागस," एकदा त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

आबा गंभीरपणे म्हणाले, "अक्का, मंग खिळा खाई दखा. तो भाकरसारखा लागी!"

अक्का इतक्या हसल्या की त्या भरात अर्धी भाकर खाऊन गेल्या.

पुढच्या बुधवारी त्या खुर्चीत दुसरंच कोणी होतं. आबांनी त्याला खिळ्याचा किस्सा सांगितला. नवा म्हणून खपला.

*

डॉक्टरांनी फिरायलाही सांगितलं होतं. आता गावात शेतकरी माणूस बिनकामाचा फिरतच नाही. हातात विळा नाही, खांद्यावर काही नाही आणि नुसता रस्त्याने चाललाय, म्हणजे नक्की काहीतरी हरवलंय!

पहिल्याच सकाळी शेजारचा धनाभाऊ मागे लागला. "काय हरवलं, आबा?"

"वजन."

धनाभाऊ तरी बांधापर्यंत खाली बघत बघत आला.

*

पण खरा त्रास भेटायला येणाऱ्यांचा. प्रत्येकाकडे एक औषध. कुणी गव्हांकुराचा रस आणला, कुणी कसली पुडी, कुणी नुसता बाबाचा फोन नंबर. आबा सगळ्यांना एकच सांगायचे, "डॉक्टरला विचारतो." मग माणसं रुसायची.

शेवटी आबा कंटाळले. दोंडाईच्याचे भटूमामा हुंगायचं तेल घेऊन आले, तेव्हा आबांनी आवाज खाली केला.

"मामा, कुणाला बोलू नका. माझं दुसरं औषध चालू आहे. भरिताच्या वांग्याची देठं. सावलीत वाळवायची, काढा करायचा. आणि काटे काढायचे नाहीत! काट्यातच पॉवर आहे."

मामांनी मान डोलावली. तेल तसंच परत नेलं. मी मोरीत जाऊन हसलो. त्यानंतर जो येईल त्याला आबा हेच सांगायचे.

मग स्कॅन झाला. डॉक्टरांनी फिल्म लाईटला लावली, काढली, परत लावली. गाठ लहान झाली नव्हती. मोठी झाली होती, आणि लिव्हरवरही आलं होतं. ऑपरेशन नाही. केमो बंद.

"दुखणार नाही, एवढं मी बघतो," डॉक्टर म्हणाले.

आम्ही शिरपूरला परतलो.

घरी ओट्यावर पारोळ्याचे व्याही येऊन बसले होते. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. त्यांनी पिशवीतून काळ्या पाण्याची बाटली काढली.

"आबा, एकदम खात्रीचं! वांग्याच्या देठांचा काढा. तुमच्या शिरपूरकडचाच कोणी केळीवाला आहे, पोटातली गाठ होती. पार गेली! डॉक्टर चाट पडले!"

मी आबांकडे बघितलं. म्हटलं, आता हसतील.

आबांनी बाटली उजेडात धरली. हळूहळू फिरवून बघितली.

"तो माणूस बरा झाला?"

"एकदम ठणठणीत! बागेत हिंडतो."

आबांनी बूच काढून वास घेतला. मग म्हणाले, "व्याही, काटे काढले नाहीत ना?"

"एकही नाही!"

आबांनी माझ्या मायला ग्लास आणायला सांगितला.