ओटी भरायला मी चालत नाही

"बाई, तू मांगं जाऊन बस. माह्या सुनेची नजर तुयावर पडाले नाही पायजे."

मालगुजारांच्या, गावच्या जुन्या जमीनदारांच्या, घरच्या मोठ्या बाई हे भर अंगणवाडीत बोलल्या. गावातल्या साऱ्या बाया ऐकत होत्या. अंगणवाडी माझी, सेविका मी, गोदभराईचा, गरोदर बायांची ओटी भरायचा, कार्यक्रम मी ठेवलेला. आणि ओटी माझ्या हातून नको.

"काऊन?" मी कारण विचारलं.

"काऊन म्हणजे? तुयासारखं पांढरं झालं त?"

सून खाली मान घालून बसली होती. पाचवा महिना लागला तरी ती एकदाही अंगणवाडीत आली नव्हती. तिचा आहार पुष्पा, माझी मदतनीस, घरी पोचवायची. मला वाटायचं, मोठ्या घरची सून, बाहेर पडत नसेल. त्या दिवशी खरं काय ते कळलं.

माझ्या अंगात जन्मापासून रंग नाही. कातडी पांढरीफटक, केस भुरे, पापण्यासुद्धा पांढऱ्या. उन्हात डोळे मिटतात, अंग भाजतं, लांबचं दिसत नाही. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं आमचं गाव मला सूरजमुखी म्हणतं. शाळेत गुरुजींनी मागं बसवलं. फळा दिसत नाही म्हटलं तर मठ्ठ म्हणाले. धानाच्या रोवणीला गेले की बांधावरून कुणीतरी ओरडायचं, "पाहा व, अंग्रेजन चिखलात उतरली." मीही हसायची. हसलं की लवकर सुटका व्हायची.

त्या दिवशीही मागं गेले. स्वयंपाकाच्या खोलीत, पडद्यामागं. बाहेर बाया गाणं म्हणू लागल्या. पुष्पानं कुंकू लावलं. सून पडद्यालगतच बसली होती, फटीतून मला सारं दिसत होतं; पुष्पा मात्र माझ्याकडे बघत नव्हती.

मग मोठ्या बाईंनी पिशवीतून एक फोटो काढला आणि नारळाशेजारी सुनेच्या ओटीत ठेवला. गुबगुबीत बाळाचा. दुधासारखं गोरं, गुलाबी गालांचं, सोनेरी केसांचं.

"रोज सकारी पाहत जाय याले. असं गोरं पायजे."

बाया कौतुकानं वाकून बघू लागल्या. माझ्या मस्तकात तिडीक गेली. कागदावरचं गोरं बाळ ओटीत आणि मी पडद्याआड! मी जन्मले तेव्हा माझ्या मायला लोकांनी चेटकीण म्हटलं होतं.

मी पडदा सारून बाहेर आले. एका बाईनं धावत जाऊन सुनेच्या तोंडावर पदर ओढला.

"ओढू नोका," मी म्हटलं. "पाहून असं लेकरू होत नाही. माह्या मायनं कोणाले पाहिलं होतं? हे मायबापाच्या रक्तातून येते, दोघांच्याई. तुमच्याई घरी होऊ शकते. झालं त त्याले टोपी द्या, शाळेत समोर बसवा. लपवू नोका."

"अभद्र बोलून राहिली!" मोठ्या बाई उठल्या. सुनेचा दंड धरला आणि तिला घेऊन गेल्या. मागोमाग अर्ध्या बाया गेल्या. पुष्पा ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली.

मोठ्या बाईंची तक्रार वर गेली. दोन दिवसांनी पर्यवेक्षिका मॅडम आल्या. शिकलेल्या, गोंदियाच्या. मला वाटलं, त्या तरी समजून घेतील.

"ताई, गाव है, समझा करो," त्या म्हणाल्या. "थोडा वेळ मागं बसलं तर काय बिघडतं?"

मोठ्या बाईंचा मला तेवढा राग आला नव्हता जेवढा यांचा आला. मोठ्या बाई निदान घाबरलेल्या होत्या.

"बिघडतं, मॅडम," मी म्हटलं. "मीच मागं बसले, तर उद्या माझ्यासारखं लेकरू अंगणवाडीत आणायला कोणती माय धजेल?"

त्या घड्याळाकडे बघत निघून गेल्या. मालगुजारांची सून अजून आलेली नाही. येईलही की नाही, ठाऊक नाही. तिच्या पोटातल्या बाळाची मला काळजी आहे, पण त्या काळजीपायी मी तोंड लपवणार नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा गोदभराई आहे. ओटी मीच भरणार. ज्यांना नको, त्यांनी उठून जावं. मी दारात उभी राहून जाणाऱ्या प्रत्येकीला विचारणार आहे, "काऊन?"