अटकेच्या यादीतलं अकरावं नाव

कोर्ट फी स्टॅम्पच्या डिंकाचा वास आला की मला धाराशिवच्या कोर्टातली नकलांची खिडकी आठवते. लग्नाआधी एका मोर्चात पोलिसांनी आपल्याला धरलं होतं, असं वडील नेहमी सांगायचे आणि आम्ही भावंडं त्यांना हसायचो. शेवटी चिडून ते म्हणाले, "जा, कोर्टातून कागदच काढून आण." मी अर्ज केला. चार खेटे झाल्यावर कारकुनानं लाल कापडातलं गाठोडं सोडलं, धूळ झटकली आणि अटकेची यादी पुढं धरली. सातवं नाव वडिलांचं होतं. नक्कल घेऊन एसटीत बसलो, तेव्हा कुठं खालची नावं निवांत वाचली. अकरावं नाव आईचं होतं, माहेरच्या आडनावानं लिहिलेलं, म्हणून आधी नजरेतून सुटलेलं. घरी वडिलांनी कागद दोनदा वाचला. "अगं, तू बी व्हतीस?" शेंगा फोडता फोडता आई म्हणाली, "व्हय. पण तुमी लई रंगवून सांगत व्हता, मधी कशाला बोलू?" वडील ठसका लागेपर्यंत हसले. आता ती गोष्ट मी माझ्या मुलांना सांगतो, आणि सुरुवात अकराव्या नावापासून करतो.